बाबा चालत आले होते

पोर्टलंड,
ता. ३ ऑगस्ट १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सुका सॅमन पोचला. टपालवाल्यानं पुडकं दोन बोटांत धरून, तोंड दुसरीकडे करून माझ्या दारात ठेवलं आणि मी ते तिथंच उंबऱ्यावर बसून फोडलं. निम्मा संपला. खालच्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं की तुमचा नळ तुंबलाय का. मी हो म्हटलं. वाटून खायची माझी अजिबात तयारी नव्हती.

आता मुद्द्याचं. एमेट तुमच्याकडे येतोय. पुढच्या आठवड्यात फेअरबँक्सला उतरेल आणि तिथून तुमच्या टपालाच्या विमानानं गावात. बुटांच्या दुकानातली नोकरी सोडली. बावीस वर्षांचा घोडा झाला, तर म्हणतो की मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या पायांची मापं घेतली, माझे स्वतःचे पाय कुठंच गेले नाहीत. वाक्य चांगलं आहे. त्यानं बहुतेक आरशासमोर म्हणून बघितलं असावं.

त्याला वरच्या तळ्यावरच्या बाबांच्या जुन्या खोपटात हिवाळाभर एकट्यानं राहायचंय. मी सांगितलं की त्या खोपटात मी शेवटची गेले तेव्हा बारा वर्षांची होते आणि तेव्हाच छपरातून आभाळ दिसत होतं. तर म्हणाला, छानच. सामान काय, तर हातभर लांब सुरी, तोंडानं वाजवायचा बाजा आणि रानातल्या खाण्याजोग्या वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक. मी ते चाळलं. त्यातल्या निम्म्या वनस्पती फ्लोरिडात उगवतात.

खोटं कशाला बोलू, ऐकून मला थोडा अभिमानही वाटला. पण भीती त्याच्या दसपट. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. तुझा शब्द मी कधी मोडला नाही, एकदा सोडून, आणि त्या एकदाचं फळ म्हणजे हा एमेट. तर तू त्याला स्पष्ट नाही म्हण. चार दिवस मासे चिरायला बसव, मूस हरणाचं मांस खाऊ घाल आणि परत विमानात कोंब.

हर्मनभाऊजींना नमस्कार. अजून तसेच गप्प का, की वयाबरोबर एखादा शब्द वाढलाय? लोभ आहेच, तो पुढच्या पुडक्याच्या वजनावरून कळेल.

तुझी,
वर्ना


स्प्रूस बेंड, कोयुकुक नदी,
ता. २४ ऑगस्ट

चि. वर्ना हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा घोडा सुखरूप पोचला. विमानातून उतरला, दोन्ही हात पसरले, छाती भरून श्वास घेतला आणि डास गिळला. पुढची दहा मिनिटं खोकत होता. सगळं गाव टपालासाठी धावपट्टीवर जमलेलं, त्यामुळे स्वागत जोरात झालं.

पोरगा गुणाचा आहे. पाणी भरतो, म्हाताऱ्यांच्या हातातलं ओझं घेतो. सुरीनं लाकूड फोडायचा प्रयत्न करत होता, तेही मन लावून. कान अगदी बाबांचे. बोलतो मात्र फार, आणि बोलतो ते उद्याचं. परवा जेवताना, दार उघडं असताना, म्हणाला की मी त्या मोठ्या जनावराची शिकार करणार आणि कातडं पांघरणार. त्या जनावराचं, हिवाळाभर गुहेत झोपणाऱ्याचं, नाव मी इथं लिहीत नाही. आपल्यातल्या बायका ते घेत नाहीत हे तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. हर्मननं चमचा खाली ठेवला आणि नदी बघायला गेला. आपल्याकडचा शिकारी निघताना एवढंच म्हणतो की जरा बघून येतो, आणि दोन मूस मारून आला तरी म्हणतो की काहीतरी दिसलं होतं. हा तर न मारलेल्याची मापं सांगतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तू लिहिलंस की नाही म्हण. वर्ना, सव्वीस वर्षांत तू फारच पोर्टलंडची झालीस. मोठ्या माणसाच्या वाटेत आडवं उभं राहणं आपल्यात आहे का? तू त्या गिटारवाल्याबरोबर निघालीस तेव्हा मी नाही म्हटलं होतं? मी तुला कोल्ह्याच्या नादी लागून नदी सोडलेल्या पाणमांजराची गोष्ट सांगितली होती. तू म्हणालीस, छान आहे, आणि विमानात बसलीस.

तर एमेटला मी बाबांची गोष्ट सांगितली. सविस्तर. विशीतले बाबा भावाशी भांडून, कुणाला न सांगता, पाच काडतुसं आणि मूठभर चहा घेऊन उत्तरेच्या टेकड्यांकडे कसे एकटे निघाले. बर्फाखालच्या पाण्यात बंदूक कशी गेली. अकरा दिवस कसे काढले. शेवटी बर्फावर चालायच्या जाळीच्या जोड्यांच्या चामडी वाद्या सोडवून, उकळून खाल्ल्या, आणि मग कंबरभर बर्फात चालायला पायात काहीच उरलं नाही. इथं मी थांबले. आपल्याला ही गोष्ट सांगताना आत्या थांबायची तशीच. भुकेपोटी माणूस स्वतःची वाटच खाऊन बसला, हे ज्याला कळायचं त्याला इथं कळतं. मग बाराव्या दिवशी सगळं गाव काठावर उभं असताना ते चालत आले, तेही सांगितलं. हर्मन नेहमीप्रमाणे मध्येच उठून बाहेर गेला. त्याचं वय झालं, त्याला आता गोष्टभर बसवत नाही.

एमेटच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळभर गप्प बसला. मला वाटतं, आत उतरलं. काळजी करू नकोस. क्रॅनबेरी पिकत आल्यात, तुझ्या वाटच्या बाजूला काढते. माया आहेच, ती अशीच राहो आणि पत्रं जरा लांब येवोत.

तुझी,
ताई


पोर्टलंड,
ता. ७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि कपाळाला हात.

तू त्याला ती गोष्ट सांगितलीस? तीच? अगं, ताई, ती गोष्ट ऐकूनच तो तिथं आलाय!

आता कबूल करते. एमेट पाच वर्षांचा असताना त्याचा बाप घर सोडून गेला. त्या वर्षी वाढदिवसाला केक आणायची ऐपत नव्हती, तेव्हा मी त्याला बाबांची गोष्ट दिली. मग दर वाढदिवसाला तो तीच मागायचा. माझ्या गोष्टीत भांडणबिंडण नाही. माझ्या गोष्टीत बाबा छाती काढून एकटे रानात जातात, वाद्या खाऊन जगतात, आणि बाराव्या दिवशी सगळ्या गावासमोर ताठ चालत येतात. शेवटी आम्ही दोघं स्वयंपाकघरात तसे चालून दाखवायचो. इथं आम्हाला कोण ओळखत होतं? शाळेत त्याला सगळे विचारायचे की तू नक्की कुठला. मला त्याच्या हातात काहीतरी मोठं द्यायचं होतं. माझ्याकडे तेवढंच होतं.

तू चालत्या बैलाला टोचणी लावलीस म्हण. तुला वाटतंय तो घाबरून गप्प बसला. मी त्याला ओळखते. तो मनातल्या मनात चालत होता.

गावातल्या त्या एकुलत्या एका फोनवर चार वेळा लावला. तीनदा कुणीतरी बोलत होतं, चौथ्यांदा कुणाच्या तरी नातवानं उचलला, एमेट मासे धरायला गेलाय म्हणाला आणि माझीच चौकशी करत बसला. म्हणून लिहिते. गोष्टी पुरे. साध्या शब्दांत सांग की जाऊ नकोस, तू मरशील. रीतभात मोडली तर मोडली, पाप माझ्या माथी.

उत्तर लगेच दे. लोभ आहे पण घाबरलेला आहे.

वर्ना


स्प्रूस बेंड,
ता. ३० सप्टेंबर

चि. वर्ना हिस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच. धुक्यामुळे दहा दिवस विमान आलं नाही. तुझं पत्र गुरुवारी हातात पडलं. एमेट त्याआधीच्या आठवड्यात, मंगळवारीच गेला.

तू म्हणालीस तसंच झालं. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, मावशी, तुझ्या गोष्टीनं माझा निश्चय पक्का झाला. वर्ना, माझ्या पायाखालची जमीन सरकली. एवढी वर्षं मी गावातल्या पोरांना ती गोष्ट सांगतेय आणि एकही पोर असं निघालं नव्हतं. तरी तेव्हासुद्धा माझ्या तोंडून नाही हा शब्द निघेना. मी त्याला अजून थोडा सुका मासा दिला.

हर्मननं त्याला होडीतून तळ्यापर्यंत सोडलं, दोन दिवसांची वाट. एकट्याला जाऊ दिलं असतं तर तो वाटेतच बुडाला असता. सामान म्हणजे तांदळाचं मोठं पोतं, सुरी, पुस्तक आणि बाजा. निघायच्या आधी तीन दिवस हर्मननं आपले बीव्हरच्या कातड्याचे हातमोजे आणि सशांच्या फाशाची तार दारात, अगदी पायात येईल अशी ठेवली होती. आपल्याकडे हे घे असं कोण म्हणतं? दिसलं की उचलायचं. तुझा मुलगा तीनदा ओलांडून गेला आणि चौथ्यांदा, काकांचं सामान वाटेत पडलंय म्हणून, नीट खुंटीला अडकवून आला. शेवटी निघायच्या दिवशी हर्मननं ते गुपचूप तांदळाच्या पोत्यात खुपसलं. परत आला तेव्हा म्हणाला की मी माझी कुऱ्हाड तिकडं विसरलो. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हर्मन कुऱ्हाड विसरलेला मला आठवत नाही.

दहा दिवसांनी तो होडीनं परत बघायला जाणार होता. काल निघाला, आणि दुपारच्या आत होडीला पोचे पाडून घेऊन आला. नदीत बर्फाची तावदानं वाहायला लागली. या वर्षी फार लवकर. आता नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ना होडी चालेल, ना कुत्र्यांनी ओढायची स्लेज, आणि तळ्यावर विमान उतरायची सोय नाही. तुला हे माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं. आम्हाला ते इतकं माहीत आहे की सांगायचं सुचलंच नाही.

तू गोष्ट फुगवलीस, मी तिचा अर्थ पोटात ठेवला. आता भांडायचं तर दोघी भांडू, पण तो आल्यावर.

तुझी,
ताई


पोर्टलंड,
ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. लिहावंसं वाटत नाही. नाही, हा दोन अक्षरांचा शब्द. तुझ्या जिभेला एवढा जड झाला? मासा दिलास. माझा मुलगा मरायला निघाला आणि तू त्याला वाटेसाठी मासा दिलास.

हे लिहून दोन दिवस पत्र टाकलं नाही. आता राग निवळला म्हणून नाही, तुझ्याशिवाय बोलायला कुणी नाही म्हणून टाकते.

पोलिसांना फोन केला. नम्रपणे म्हणाले, बाई, तो सज्ञान आहे आणि जिथं जातो म्हणाला तिथंच आहे. याला हरवणं म्हणत नाहीत. बरोबरच आहे. आजवर इतक्या नेमक्या ठिकाणी तो कधीच नव्हता.

मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते ते तुला माहीत आहेच. तिथं आता दोन तट पडलेत. सूप करणारा डेल म्हणतो की तुझ्या मुलानं आम्हा सगळ्यांना लाजवलं, माणसानं असं जगावं. हा डेल पावसात कचरा टाकायलासुद्धा दुसऱ्याला पाठवतो. दुरून डोंगर साजरे. भांडी घासणारी ओल्गा म्हणते की तो महामूर्ख आहे, आणि असल्या मूर्खांना शोधायला जाणारे मरतात ते कुणी मोजत नाही. काल दोघं पळ्या घेऊन एकमेकांसमोर उभे होते. मी दोघांनाही बटाटे सोलायला बसवलं. डेलचं ऐकलं की बरं वाटतं आणि ओल्गाचं खरं वाटतं.

ताई, तू सांग. तो शूर आहे की मूर्ख? बाबांवर गेलाय की माझ्यावर? गोष्ट सांगू नकोस. सरळ सांग.

वर्ना


स्प्रूस बेंड,
ता. ५ नोव्हेंबर

चि. वर्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

सरळ विचारलंस, सरळ लिहिते. मला नीट जमत नाही, सांभाळून घे.

परवा टपालाचा वैमानिक मुद्दाम वाट वाकडी करून तळ्यावरून गेला. छपरातून धूर दिसला नाही. खोपटाभोवती पावलंही दिसली नाहीत, पण आदल्या दिवशी नवा बर्फ पडला होता. एवढंच. हे तुला कळवू की नको, यावर आज सकाळपासून तीन कप चहा झाले. मग म्हटलं, न सांगून मी आधीच पुष्कळ नुकसान केलंय.

शूर की मूर्ख, ते ऐक. बाबा परत आले म्हणून शूर ठरले. आले नसते तर आपण दोघी नसतोच, आणि गावानं त्यांचं नाव पोरांना भीती घालायला वापरलं असतं. पाय तेच, हट्ट तोच, मूर्खपणाही तोच. मी आयुष्यभर त्या गोष्टीत धडा शोधला आणि तू त्यात मोठेपणा शोधलास. आता वाटतं, त्यात दोन्ही नव्हतं, नुसतं नशीब होतं. आणि मी, सगळ्या गावाची शहाणी म्हातारी, गोष्ट सांगून पोराला सुधारणार होते! मी चुकले, वर्ना. मला भीती वाटते. हे वाक्य मी याआधी कुणाला लिहिलेलं नाही.

हर्मन रोज सकाळी काठी घेऊन नदीवर जातो, बर्फ ठोकतो, ऐकतो, परत येतो. जेवत नाही. शेजाऱ्यांची इंजिनाची स्लेज वजनानं बर्फ फोडेल म्हणून त्यानं आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यांचे स्लेजला जुंपायचे पट्टे दुरुस्त केले. गावातली पोरं त्या कुत्र्यांना आजोबा म्हणतात.

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात हर्मन निघाला. बर्फ अजून त्याला हवा तसा नाही. मी त्याच्या कोटाची बाही धरली आणि शेवटी म्हटलं, नको जाऊस. बघ, आला तो शब्द, तोही चुकीच्या माणसापाशी. त्यानं बाही सोडवून घेतली आणि म्हणाला, जरा बघून येतो.

तुझी,
ताई


स्प्रूस बेंड,
ता. २० नोव्हेंबर

ती. आईस,
एमेटचा सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. मावशी म्हणते, हे पहिल्या ओळीत लिही आणि मग काय वाटेल ते लिही. डाव्या पायाचं एक बोट फेअरबँक्सला काढतील. बाकी सगळा शाबूत आहे, थोडा कमी भरेन.

तांदळाचा निम्मा भाग पहिल्या पंधरवड्यात उंदरांनी खाल्ला. ते उंदीर हिवाळ्यासाठी माझ्यापेक्षा चांगली तयारी करून आले होते. पोतं उपसताना हातमोजे आणि तार सापडली. तार कशासाठी ते कळायला मला चार दिवस लागले आणि पहिला ससा मिळायला आणखी सहा. पुस्तकातली एक मुळी खाल्ली आणि दोन दिवस ओकलो. पुस्तक मग चुलीत उपयोगी पडलं. बाजा पहिल्या थंडीत ओठांना चिकटला. त्याचं पुढे विचारू नकोस.

ऑक्टोबरच्या मध्याला भूक सोसेना. मनात आलं, आजोबा चालत आले, मीही जाईन. आपल्या गोष्टीच्या शेवटची तीन वाक्यं मी मोठ्यानं म्हटली, आपण स्वयंपाकघरात म्हणायचो ती. दुपारपर्यंत चाललो आणि एका ओढ्यात बर्फाखालच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलो. खोपटापर्यंत सरपटत आलो. नंतर लाकडं फोडायला उभं राहता येईना, तेव्हा काकांच्या कुऱ्हाडीनं बसल्या बसल्या जमिनीच्या फळ्या काढून जाळल्या. विमान वरून गेलं ते मी ऐकलं. त्या दिवशी काढून ठेवलेल्या फळ्या संपल्या होत्या. दारापर्यंत पोचलो तोवर आवाजही गेला होता. मी तिथंच बसून रडलो, आई. तिथं शूरबीर काही नव्हतं. थंडी होती, आणि मला तू हवी होतीस.

हर्मनकाका आले तेव्हा मला वाटलं भास आहे. त्यांचा एक पाय मांडीपर्यंत भिजून बर्फानं कडक झाला होता. येताना तेही बुडता बुडता वाचले होते. चूल पेटवली, चहा केला, माझे पाय आपल्या सदऱ्याखाली पोटाशी धरून बसले. अख्खी दुपार.

चार दिवसांनी आम्ही गावाजवळ आलो. गावाआधीचं नदीचं शेवटचं वळण असतं ना, तिथं काकांनी कुत्री थांबवली. माझी पांघरुणं सोडली, एक काठी माझ्या हातात दिली आणि उगीच आभाळाकडे बघत उभे राहिले. हे मला काहीतरी देतायत एवढं या खेपेला मला कळलं. काय, ते कळेना, म्हणून मी विचारलं. काकांनी कुत्र्यांचे पट्टे चाचपले. मग म्हणाले की इथं सगळे उतरतात. इथून पुढे दीडशे पावलं, तेवढी माणसाला स्वतःची असू देतात. काठावरचे लोक तो वळणावर दिसेपर्यंत दुसरीकडे बघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे म्हणतात, चालत आला.

मग म्हणाले, तुझे आजोबाही इथंच उतरले होते.

आई, आजोबा चालत आले नव्हते. नवव्या दिवशी ते एका झाडाखाली पडले ते उठलेच नाहीत. हर्मनकाकांच्या वडिलांनी त्यांचा माग काढला, शोधून काढलं, आणि तीन दिवस आपल्या स्लेजवर बांधून आणलं. या वळणापर्यंत. मग उतरवलं. ज्या चारपाच जणांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत आणि एकेक करून गेले. काकांना त्यांच्या वडिलांनी मरताना सांगितलं. मावशीलासुद्धा माहीत नव्हतं.

मला दीडशे पावलं जमली असती. काठावर मावशी उभी असणार हे माहीत होतं, आणि तू एक दिवस ही गोष्ट सांगशील हेही माहीत होतं. मला फार उतरावंसं वाटलं, तुला खरं सांगतो. मग मनात आलं की पुढे कुणीतरी पोरगं माझी गोष्ट ऐकेल आणि काकांशिवाय निघेल. मी परत पांघरुणात शिरलो आणि म्हटलं, काका, मला झोपवूनच न्या. सगळ्यांना दिसेल असं न्या, आणि तुम्ही पुढे उभे राहा.

काकांनी माझ्याकडे बघितलं. नाक पुसलं आणि कुत्र्यांना हाक दिली.

काठावर लोकांची पंचाईत झाली. कुठं बघावं कुणाला कळेना. मावशी आधी रडली, मग तिनं मला दोन थपडा मारल्या, मग काकांना एक. रविवारी सगळे जमले तेव्हा मी सगळं सांगितलं, उंदरांपासून स्लेजपर्यंत. म्हाताऱ्या बायका डोळे पुसून पुसून हसल्या. एका पोरानं विचारलं की मग तूही वाद्या खाल्ल्यास का. मी म्हटलं, जन्मभर त्या जोड्यांची गोष्ट ऐकली आणि निघताना जोडेच न्यायचे विसरलो. यावर काकासुद्धा हसले. मग मावशीनं सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, की एवढी वर्षं मी ती गोष्ट तुझ्यासमोर सांगतेय आणि तू बाहेर जाऊन उभा राहतोस? ते म्हणाले, तू छान सांगतेस.

तू रागाव, पण प्रेम कमी करू नकोस. सध्या मला ते लागतं.

तुझा,
एमेट


पोर्टलंड,
ता. २९ नोव्हेंबर

ती. भाऊजींस,
वर्नाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलं नाही. ताईच्या पत्राच्या शेवटी भाऊजींना नमस्कार, एवढ्यावर तुमची बोळवण करत आले. आज तिला वगळून तुम्हालाच लिहिते. तिला वाचू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणजे ती वाचणारच.

एमेटचं पत्र मी कामावर वाचलं आणि पिठाच्या पोत्यावर बसले. आधी मला बाबांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं मी ज्यांच्या जोरावर या शहरात मान वर करून चालले ते स्लेजवर बांधलेले होते. मग तुमचे वडील आठवले. दारात जाळी विणत बसायचे आणि आम्हा पोरांवर खेकसायचे. दर हंगामातला पहिला मासा बाबा त्यांच्याकडे पाठवायचे. मीच घेऊन जायचे. ते घ्यायचे आणि दार लावायचे. मी त्यांना खडूस म्हातारा म्हणायचे, बाबांसमोर. बाबा मला गप्प करायचे, पण का ते सांगायचे नाहीत. एमेटला मी इतकी वर्षं रानात जाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याला आणायला गेलेल्या माणसाची मला माहीतच नव्हती, आणि ती जास्त चांगली होती.

तेव्हा आता ऐका. आपल्याकडे हे तोंडावर बोलत नाहीत हे मला माहीत आहे. मी बोलणार. तुम्ही कच्च्या बर्फावरून गेलात. बुडायला आला होतात. माझा मुलगा तुम्ही आणलात. तो चालत आला नाही, तुम्ही आणलात. मी हे इथं सगळ्यांना सांगितलं. डेल कचऱ्याचा डबा उचलून स्वतः पावसात गेला. ओल्गानं तुमचं नाव विचारून घेतलं.

एक विचारते. तुमच्या वडिलांनी बाबांना तीन दिवस आणलं. दोघंही तरुण, त्यातला एक जेमतेम शुद्धीवर. वाटेत ते बाबांशी काय बोलले असतील? तुमच्या घराण्याचा स्वभाव बघता उत्तराची आशा नाही. पण मला ते कळावंसं फार वाटतं.

डिसेंबरच्या वीस तारखेला मी येतेय. रजा मिळाली. आपली माया माझ्यावर होती हे आता कळलं. यापुढे ती मोठ्यानं असू द्या.

आपली,
वर्ना


स्प्रूस बेंड,
ता. ८ डिसेंबर

चि. वर्ना हिस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या ताईनं दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. पोराचा पाय बरा आहे. खातो पुष्कळ.

वडील वाटेत काय बोलले ते विचारलंस. तीन दिवस सारखे बोलत होते. थांबले असते तर तुझे बाबा झोपले असते. सगळं मला तोंडपाठ आहे. ये, सांगतो.

हर्मन